बीपीच्या गोळ्यांनी हृदय बसतं तेव्हा बाहेरचा पंप नेमकं काय करतो

एक्मो, म्हणजे हृदय आणि फुप्फुसाचं काम शरीराबाहेरून करणारं मशीन, हा शब्द आपल्याकडे बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकला तो डिसेंबर २०१६ मध्ये, जयललितांच्या बातम्यांत. मग २०२० मध्ये एसपी बालसुब्रमण्यम यांच्या वेळी, आणि नंतर कोविडमध्ये तर रोजच. त्यामुळे झालंय असं की डॉक्टरांनी "एक्मोवर घ्यावं लागेल" म्हटलं की नातेवाईक तिथेच खाली बसतात, आता काही खरं नाही म्हणून. मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे हृदयाच्या ऑपरेशनमध्ये हृदय थांबवलेलं असताना शेजारी बसून मशीनवर पेशंटचं रक्त फिरवत ठेवणारा माणूस, आणि एक्मोचं मशीनही आम्हीच बघतो. एक्मोवरचे सगळे पेशंट वाचत नाहीत, हे खरंय. पण एका प्रकारच्या पेशंटसाठी रात्री दोनला फोन आला तर मी जरा आशेनेच गाडी काढतो, तो म्हणजे हृदयाच्या किंवा बीपीच्या गोळ्या जास्त झाल्यामुळे शॉकमध्ये गेलेला पेशंट. असं का, ते सांगायचंय.

आधी गोळ्या. बीपी आणि हृदयासाठी जी औषधं घरोघरी असतात त्यातले दोन गट इथे महत्त्वाचे. पहिला बीटा ब्लॉकर, म्हणजे प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल वगैरे. जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने साठच्या दशकात प्रोप्रॅनोलॉल शोधलं आणि १९८८ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. अ‍ॅड्रिनलिन हृदयाला जो चाबूक मारतं तो ही औषधं अडवतात. दुसरा गट कॅल्शियम चॅनल ब्लॉकरचा, अ‍ॅम्लोडिपिन, डिल्टियाझेम, वेरापॅमिल. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम शिरलं की स्नायू आकसतो, मग तो हृदयाचा असो की रक्तवाहिनीच्या भिंतीतला, आणि ही औषधं ते कॅल्शियम शिरायचं दार थोडं लोटून ठेवतात. रोजच्या डोसमध्ये हे वरदान आहे, कोट्यवधी लोक यांच्यावर सुखाने जगतायत, तेव्हा हे वाचून कोणी आपली गोळी बंद करू नका प्लीज. पण प्रमाणाबाहेर गेली की दार लोटलेलं न राहता पूर्ण बंदच होतं.

आता बंद झालं की काय होतं ते औषधागणिक वेगळं, आणि पुढे मशीन लावताना हा फरक फार कामाला येतो. सोसायटीतली पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. वेरापॅमिल किंवा बीटा ब्लॉकर जास्त झालं तर मोटरच मंदावते, हृदयाचे ठोके तीसवर येतात, आकुंचन दुबळं होतं, पाणी चढतच नाही. अ‍ॅम्लोडिपिनचं मुख्यतः उलटं, मोटर बरी चाललेली असते पण बिल्डिंगमधले सगळे नळ एकदम सोडलेले असतात, म्हणजे रक्तवाहिन्या इतक्या सैलावतात की प्रेशरच राहत नाही, चौथ्या मजल्यावर थेंब नाही. डोस फारच मोठा असेल तर अ‍ॅम्लोडिपिनही मोटरला धरतं आणि मग दोन्हीकडून मार. कसंही झालं तरी शेवट एकच, मेंदू किडनी लिव्हर यांना रक्त पुरत नाही, त्यालाच शॉक म्हणायचं. (मनाला बसतो तो शॉक वेगळा, विजेचाही वेगळा.)

एक फसवी गोष्ट अशी की कॅल्शियम चॅनल ब्लॉकरवाला पेशंट बराच वेळ चांगला बोलत असतो. बीपी साठवर आणि माणूस म्हणतोय मला घरी सोडा, चहा द्या. त्यात गोळी हळूहळू विरघळणारी असेल, पाकिटावर एसआर किंवा ईआर लिहिलेलं असतं ती, तर पहिले काही तास सगळं नॉर्मल आणि मग मध्यरात्री एकदम घसरगुंडी. म्हणून "आत्ता तर बरा दिसतोय" हे ऐकून अशा पेशंटला कोणी घरी नेऊ नये.

हे घडतं कसं? लोकांना वाटतं फक्त जीव द्यायला घेतलेल्या गोळ्या. तशा केसेस असतातच आणि त्याबद्दल पुढे बोलतो, पण नातवाने आजीच्या डबीतली रंगीत गोळी चॉकलेट समजून खाणं हेही होतं, आणि दीड-दोन वर्षांच्या पोराला यातली एकदोन गोळीसुद्धा धोक्याची असू शकते, तिथे वाट बघायची नाही, थेट दवाखाना. आजोबांनी विसरून सकाळची गोळी दुपारी परत घेतली, एवढ्याने सहसा हाहाकार होत नाही, पण डॉक्टरांना फोन करून विचारावं. आणि एक प्रकार तर असा की गोळ्या रोजच्याच, एकही जास्त नाही, पण म्हाताऱ्या माणसाला दोन दिवस जुलाब झाले, अंगातलं पाणी गेलं, किडनी मंदावली, आणि अ‍ॅटेनोलॉल किडनीतूनच बाहेर जातं त्यामुळे ते साचत गेलं, वर पोटॅशियम वाढलं, ठोके पस्तीसवर. घरचे म्हणतात गोळ्या तर बरोबर घेतल्यात, आणि ते खरंच बोलत असतात.

दवाखान्यात पोचल्यावर लगेच मशीन लावत नाहीत, मशीन बरंच शेवटी येतं. आधी सलाईन, शिरेतून कॅल्शियम, ठोके वाढवायला अ‍ॅट्रोपिन, बीटा ब्लॉकर असेल तर ग्लुकागॉन, प्रेशरसाठी नॉरअ‍ॅड्रिनलिन. आणि मग एक गोष्ट जी बघून नातेवाईक हादरतात, ती म्हणजे इन्सुलिन, आणि तेही असलं-तसलं नाही. डायबेटिसवाल्याला दिवसभरात जेवढं लागतं तेवढं इथे एकेका तासाला जातं. मुलगा येऊन विचारतो, बाबांना शुगर नाहीये हो, तुम्ही दुसऱ्याचं इंजेक्शन तर नाही ना देत? तर तसं नाही. हृदयाचा स्नायू एरवी मुख्यतः फॅट जाळून चालतो, विषबाधेच्या शॉकमध्ये त्याला साखर हवी असते, आणि ती आत घ्यायला इन्सुलिन लागतं. पण इन्सुलिन सोडायलाही स्वादुपिंडाला कॅल्शियमच लागतं, आणि कॅल्शियम चॅनल ब्लॉकरने दार तर बंद केलंय! म्हणून या पेशंटची रक्तातली साखर चढलेली असते आणि हृदय मात्र उपाशी, भरल्या कोठारापुढे कुलूप लावल्यासारखं. सोबत ग्लुकोज चालू ठेवून, साखर आणि पोटॅशियम सारखं तपासत बाहेरून भरपूर इन्सुलिन दिलं की हृदयाचा जोर सुधारतो, पण त्याला अर्धा-एक तास किंवा जास्तही लागतो, आणि कधीकधी तेवढा वेळच नसतो.

डायलिसिस करून औषध काढून टाका ना, असं बरेच जण विचारतात. अ‍ॅटेनोलॉल निघतं थोडंफार. अ‍ॅम्लोडिपिन नाही निघत, कारण ते रक्तात थांबतच नाही, जाऊन शरीराच्या पेशींमध्ये मुरतं आणि उरलेलं प्रथिनांना चिकटून बसतं. ते जाणार लिव्हरमधूनच आणि तेही सावकाश, नेहमीच्या डोसमध्येही अर्धं जायला तीस ते पन्नास तास लागतात. आता गोची बघा. औषध बाहेर टाकायचं लिव्हरने, लिव्हरला रक्त द्यायचं हृदयाने, आणि हृदय तर त्याच औषधाने बसवलंय. प्रेशर जितकं पडतं तितकं औषध कमी निघतं, आणि औषध जितकं राहतं तितकं प्रेशर पडतं. हे चक्र इंजेक्शनं देऊनही तुटत नसेल तर बाहेरून कोणीतरी रक्त फिरवायला पाहिजे, बस एवढंच लॉजिक आहे या मशीनचं. ते विष उतरवत नाही. विष उतरेपर्यंत माणसाला धरून ठेवतं.

आणि म्हणूनच हार्ट अ‍ॅटॅकवाल्या पेशंटपेक्षा ही केस वेगळी. गावाकडे लाईट गेली की लोक पहिलं विचारतात, फ्यूज उडालाय का डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळालीय? फ्यूज असेल तर तासाभराची बात, डीपी जळाली असेल तर आठवडाभर जनरेटर भाड्याने आणून ठेवला तरी लाईनीत जीव येणार नाही. हार्ट अ‍ॅटॅकमध्ये स्नायूचा एक भाग मेलेला असतो, तो डीपीचा प्रकार. २०२३ मध्ये जर्मन डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या चाचणीत हार्ट अ‍ॅटॅकनंतरच्या शॉकच्या चारशेवर पेशंटना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटून अर्ध्यांना लगेच एक्मो दिलं, तर तीस दिवसांनी दोन्ही गटांत जवळपास निम्मे दगावलेले होते, काही फरक पडला नाही. गोळ्यांच्या शॉकमध्ये मात्र स्नायू धडधाकट असतो, नुसता गुंगवलेला. औषध उतरलं की तेच हृदय पहिल्यासारखं चालायला लागतं. जनरेटर लावून थांबण्यात अर्थ आहे तो इथे.

आता मशीन कुठली कुठली. सगळ्यात जुनं आणि जवळपास प्रत्येक कार्डियाक सेंटरला असणारं म्हणजे बलून पंप, १९६७ मध्ये ब्रुकलिनच्या एड्रियन कॅन्ट्रोविट्झने पेशंटवर पहिल्यांदा वापरलं. जांघेतून महाधमनीत लांबट फुगा सरकवतात, त्यात हेलियम भरतो आणि रिकामा होतो, हृदयाच्या ठोक्याशी ताल धरून. पण हा फुगा स्वतः रक्त ढकलत नाही हो, हृदय जे ढकलतंय त्याला थोडा हातभार लावतो, मिनिटाला अर्धा लिटर वगैरे. ज्या हृदयाचा तालच गेलाय, अठ्ठावीस ठोके आणि तेही मरतुकडे, तिथे फुगा ताल धरणार कोणाशी? म्हणून या कामाला तो बहुतेकदा तोकडाच पडतो.

दुसरं इम्पेला. पेन्सिलीएवढ्या नळीत बारकासा पंखा, तो जांघेतल्या धमनीतून उलटा वर नेऊन हृदयाच्या डाव्या कप्प्यात बसवतात, मिनिटाला चाळीस हजारांवर फेरे, कप्प्यातलं रक्त ओढून महाधमनीत टाकत राहतो. याच्या पूर्वजाची, हिमोपंपची, कल्पना रिचर्ड वॅम्पलर या अमेरिकन माणसाला इजिप्तमध्ये शेताला पाणी चढवणारा आर्किमिडीजचा स्क्रू बघून सुचली होती, मला ही गोष्ट फार आवडते, शेतातलं पाणी ते हृदयातलं रक्त. इम्पेला तीनचार लिटर देतं, पण फक्त डाव्या बाजूला. गोळ्यांचं विष डावं-उजवं बघत नाही, दोन्ही बाजू बसतात. उजवी बाजू रक्त पुढे देईना तर डावीकडचा पंखा ओढणार काय. आणि फुप्फुसात पाणी झालं असेल तर ऑक्सिजनचं काम इम्पेला करत नाही.

मग उरतं एक्मो, त्यातलं व्हीए एक्मो, शिरेतून घ्यायचं आणि धमनीत द्यायचं. मूळ कल्पना ऑपरेशन थिएटरमधल्या हार्ट-लंग मशीनची, जॉन गिबनने ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात अठरा वर्षांच्या मुलीचं हृदय २६ मिनिटं बाजूला ठेवून आतलं भोक शिवलं, ती पहिली यशस्वी केस. पण ते मशीन काही तासांचं. दिवसचे दिवस चालवायचं जमलं ते १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात, सांता बार्बराला, अपघातातला चोवीस वर्षांचा तरुण ७५ तास मशीनवर राहून वाचला. आणि १९७५ मध्ये रॉबर्ट बार्टलेटने एका नवजात मुलीला वाचवलं, आई सोबत नव्हती म्हणून नर्सेसनी तिचं नाव ठेवलं एस्पेरान्झा, स्पॅनिशमध्ये आशा.

आमचं सर्किट असं असतं. जांघेतल्या मोठ्या शिरेतून सातआठ मिलिमीटर जाडीची नळी थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत. त्यातून काळपट जांभळं रक्त पंपात येतं, पंपातला चक्राकार रोटर ते ऑक्सिजनेटरमध्ये ढकलतो. ऑक्सिजनेटर म्हणजे डब्यात भरलेल्या हजारो केसासारख्या पोकळ नळ्या, आतून ऑक्सिजन, बाहेरून रक्त, आणि पलीकडून निघतं ते लालभडक. तेच जांघेतल्या धमनीतून परत आत. मिनिटाला चार लिटर म्हणजे निरोगी हृदय बसल्या जागी देतं त्याच्या जवळपासच. आयसीयूत शिरलात तर पहिलं लक्ष जाईल ते त्या दोन पाइपांच्या रंगाकडे. दोन्ही एकाच रंगाचे दिसले तर समजायचं ऑक्सिजनेटर काम करत नाहीये, आणि मग आमची पळापळ. मशीनच्या बाजूला एक हाताने फिरवायचं हँडल टांगलेलं असतं, वीज गेली, बॅटरीही गेली तर रक्त हाताने फिरवायचं. सरावात फिरवलंय. खरं फिरवायची वेळ आलेली नाही, येऊ नये.

नातेवाईकांना सगळ्यात जड जाणारी गोष्ट वेगळीच असते. हा पंप ठोके देत नाही, सलग धार देतो. त्यामुळे हृदय अगदीच निपचित असेल तर मॉनिटरवर धमनीची रेघ सपाट दिसते, मनगटाला नाडी लागत नाही, आणि तरी पेशंट गरम असतो, लघवी होत असते, कधीकधी डोळे उघडून बघतो. एका आजींनी नवऱ्याचा हात धरून मला विचारलं होतं, "नाडी कुठंय?" मी त्यांना त्या लाल पाइपवर अलगद हात ठेवायला लावला, कोमट लागतो तो, आतलं रक्त वाहतंय हे बोटांना कळतं. त्या अर्धा तास तशाच बसल्या होत्या.

फुकट काहीच नाही म्हणा. नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपरिन द्यावं लागतं, मग कुठूनही रक्तस्राव, मेंदूतसुद्धा. जांघेतली जाड नळी पायाचा रस्ता अडवते, पाय काळा पडू शकतो, म्हणून खाली पायासाठी वेगळी बारीक नळी टाकतात. शिवाय पंप खालून वर रक्त ढकलतो आणि दुबळ्या हृदयाला त्याच धारेविरुद्ध दार उघडायचं असतं, नाही उघडलं तर डावा कप्पा फुगत जातो, फुप्फुसात पाणी उतरतं. तेव्हा तोच फुगा किंवा इम्पेला जोडीला लावून कप्पा मोकळा करतात. आणि खर्च लाखांमध्ये.

अ‍ॅम्लोडिपिनचा वेगळा त्रास आहे. सगळे नळ उघडे असलेल्या सोसायटीत तुम्ही दुसरी मोटर लावली तरी प्रेशर लगेच येणार नाही, बरोबर? चार लिटरचा फ्लो चालू आहे आणि प्रेशर पन्नासच, हे आम्ही बघतो. नॉरअ‍ॅड्रिनलिन, व्हॅसोप्रेसिन चालूच ठेवावं लागतं, फ्लो आणखी वाढवावा लागतो, मग रक्तच कमी पडून शिरेकडचा पाइप थरथरायला लागतो, आम्ही त्याला चॅटरिंग म्हणतो, विहिरीचं पाणी खाली गेल्यावर मोटर हवा ओढते ना तसं. माझं स्वतःचं मत, मोटर बसलेल्या पेशंटला एक्मो जितकं भरवशाचं वाटतं तितकं नुसते नळ उघडे असलेल्याला नाही. म्हणून आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून कोण कुठल्या प्रकारात आहे ते बघणं आलं.

आकडे विचाराल तर फ्रान्सच्या काँ शहरातल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये छापलेले बघा. औषधांच्या विषबाधेने जबर शॉक किंवा हृदय बंद पडलेले ६२ पेशंट, त्यातल्या १४ जणांना मशीन लावलं, १२ वाचले. उरलेल्या ४८ जणांना नेहमीचे उपचार, त्यातले २३ वाचले. इथे चिठ्ठ्या टाकून वाटणी नव्हती, पेशंट थोडे, तेव्हा हा काही शिक्कामोर्तब नाही, पण मरणाच्या दारातला माणूस समोर असताना चिठ्ठी टाका म्हणणार कोण. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०२३ च्या सूचनांमध्ये या दोन्ही गटांच्या विषबाधेत, औषधांना दाद न देणारा हृदयाचा शॉक असेल तर व्हीए एक्मो वापरणं रास्त आहे असं म्हटलंय. आपल्या देशात लुधियानाच्या डॉक्टरांनी धान्यातल्या किडीच्या औषधाच्या विषबाधेत असंच वापरून चांगला अनुभव मांडलाय, विष वेगळं असलं तरी तत्त्व तेच, हृदय गुंगलंय, मेलेलं नाही.

अडचण वेळेची आहे. एक्मो मोठ्या शहरातल्या ठरावीक हॉस्पिटलांतच, आणि पेशंट पोचतो तालुक्याच्या दवाखान्यात. तिथे दोन दिवस चारचार इंजेक्शनं वाढवत बसून मग हृदय थांबल्यावर आम्हाला फोन येतो, तेव्हा मेंदू गेलेला असतो. दुसरं औषध वाढवायची वेळ आली की एक्मोवाल्या सेंटरला फोन करून ठेवावा, लावायला नाही लागलं तर उत्तमच. छाती दाबून हृदयाला द्यायचा मसाज चालू असला तरी विषबाधेत तो लवकर सोडू नये, असं शिकवतात ते याच कारणाने.

घरच्यांनी करायचं एवढंच की १०८ ला फोन, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, आणि घरातली सगळी रिकामी पाकिटं पिशवीत भरून सोबत न्यायची. औषधाचं नाव लपवू नका. पोलीस केस होईल म्हणून लोक "जेवणातून काहीतरी झालं" सांगतात आणि डॉक्टर चार तास भलतंच शोधत बसतात. नोंद होते हे खरं, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, त्याची काळजी घ्यायची. आणि हे वाचताना कोणाच्या स्वतःच्याच मनात तसं काही घोळत असेल तर १४४१६, टेली मानस, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं.

मशीन निघतं कधी? बहुतेकदा दोनचार दिवसांत. सपाट रेघेवर आधी बारकीशी उचकी दिसते, दिसली न दिसली अशी. मग काही तासांनी दुसरी, मग त्यांची रांग. आम्ही फ्लो चारवरून तीन, दोन, दीडवर आणतो, डॉक्टर इकोवर हृदय बघत उभे असतात, कोणी बोलत नाही. प्रेशर टिकलं की क्लॅम्प, सर्जन नळ्या काढतात, जांघेत टाके. त्या आजींचे यजमान आठवड्याने फॉलोअपला इकोच्या खोलीबाहेर भेटले, लंगडत होते थोडे, पण हृदय नॉर्मल होतं, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता की आता बीपीसाठी कुठली गोळी घ्यायची. आजी म्हणाल्या, कुठलीही लिहून द्या, डबी माझ्याकडे राहील.